गिअर बॉक्समधला वाघ

“यंत्रयुग संपलं! यापुढे गाड्या मंत्रावर चालतील!” जीपच्या बॉनेटवर उभं राहून बाबुलालमहाराजांनी जाहीर केलं. मग खाली उतरून धक्का मारायला चार जण मागितले.

मुलचेऱ्याजवळच्या त्या गावातून चाळीस धावले. जीप गुरगुरत निघाली.

महाराजांनी खुलासा केला. गाडी एका शिकाऱ्याची. त्यानं मारलेल्या वाघाचा आत्मा गिअर बॉक्समध्ये शिरलेला, म्हणूनच ती बैलजोडीच्या भावात विकायला काढलेली. त्यांनी बूच उघडून पाच मुठी अंगारा आत सोडला, डोळे मिटले, एक फेरी मारली. गुरगुर बंद! बायांनी बॉनेटला कुंकू लावलं.

सोमाजी कडेला बसून होता. तीस वर्षं आरागिरणीत काढलेल्या माणसाला चमत्कारांचा कंटाळा येतो. पण आज उठून जाता येत नव्हतं. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. दवाखाना मोठा झाला, अंतर तेवढंच राहिलं. मागच्या वर्षी त्याची सून रुखमा अडली, बैलगाडीतून निघाली आणि लेकरू वाटेतच गेलं. आता तिला पुन्हा सातवा लागला होता. गावानं वर्गणीतून गाडी घ्यायचं ठरवलं होतं आणि पारख सोमाजीवर सोपवली होती.

“सोमाजीभाऊ, हो म्हणा ना,” सरपंच पत्रू म्हणाला. “वाघ झोपला.”

“झोपला तं उठन बी. अंगारा दाखवा.”

त्यानं चिमूट नाकाशी नेली. हाच वास तीस वर्षं त्याच्या जेवणाच्या डब्यात होता.

“महाराज, हा कुठचा?”

“यज्ञाचा!”

“यज्ञात लाकूड जळते. हे तं जळलंच नाई. सागाचा भुसा हाय.”

“नास्तिका! वाघ कोपेल!”

“कोपू द्या. पत्रू, पाना आण.”

गुडघे कुरकुरवत सोमाजी जीपखाली शिरला आणि खालचं बूच सोडलं. घमेल्यात शिऱ्यासारखं घट्ट तेल पडलं. त्यात आजचा भुसा होता, जुना काळा भुसाही होता. वाघ याआधीही बरेचदा झोपला होता.

“दाते झिजले,” तो खालूनच बोलला. “म्हणून गुरगुरते. भुसा फटीत बसला का आवाज बंद. चार दिवस चालन. मंग लगदा होते, तेल अडते, दाते जागीच धरतात. कुठी? भर जंगलात. अन् आत कोण? आमची रुखमा.”

रुखमानं बॉनेटवरचं कुंकू पदरानं पुसलं. “मामाजी, बैलगाडीच बरी. तिचा आवाज तं खरा हाय.”

“बैलगाडी नाई. दुसरी जीप पाहू, महाग पडली तं पडू द्या.” सोमाजी बाहेर येऊन हात पुसू लागला. “देव ज्याचा त्यानं माना, बापा. पण गाडी घेतानी मंत्र आयकू नका, बूच खोलून पाहा.”

लोक पांगले. महाराज घमेल्यापाशी उकिडवे बसले. पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाले,

“भाऊ, तो भुसा फेकू नका. परत भरून द्या ना, मले मूल गावापर्यंत जायचं हाय. अन् धक्क्याले चार माणसं.”