तेल अडवणारा पडदा

मी एक पडदा आहे. दाराखिडकीला लावतात तसला नव्हे. ताटाएवढा, पांढरा, कागदासारखा पातळ. तेलकट पाण्यातलं तेल वर अडवायचं आणि पाणी तेवढं खाली सोडायचं, हे माझं काम.

२००५ साली चंद्रपूरच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या सायमानं मला घडवलं. चिकणमाती तिनं इतकी बारीक केली, की कण डोळ्यांना दिसेनात. प्लास्टिकच्या दाट द्रावणात ती मिसळून काचेवर पसरली आणि काच पाण्यात बुडवली. तिथंच माझा जन्म झाला. मातीमुळे मला पाण्याची ओढ; तेल मात्र माझ्या अंगावर थेंब होऊन अडून बसे.

सायमाचे अब्बा नईम यांचं पोंभुर्ण्यात ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिनाचे भाग धुतलेलं पाणी नालीतून मागच्या तलावात जाई. एक दिवस त्या तलावातले मासे विकणारी कुंताबाई थेट गॅरेजात आली.

"भाऊ, बाजारात माह्या मासोळीले कोणी हात लावून नाई राह्यलं. घासलेटाचा वास येते म्हन्तेत."

"मी काय तलावात तेल टाकतो, बाई?" नईम तडकले.

कुंताबाई भांडली नाही. टोपलीतला एक मरळ मासा तिथंच ठेवला. "खाऊन पाहा," म्हणाली आणि निघून गेली.

सुट्टीवर आलेल्या सायमानं तो रांधला. अब्बांनी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाले, "बेटा, तुझं ते कॉलेजातलं इथी लावता येईल काय?"

नालीच्या तोंडाशी ड्रम बसला आणि त्याच्या तळाशी मी. वर काळं पाणी, खाली स्वच्छ धार... धार कसली, थेंबच! एक बादली भरायला दिवस लागे. कारागीर वैतागत. नईम मात्र रोज स्वतः मला फडक्यानं पुसत. पुढच्या वर्षी कुंताबाईची टोपली बाजारात पुन्हा रिकामी होऊ लागली.

काल पुसताना मी मधोमध फाटलो. दाराशी ट्रक उभा, ड्रायव्हरची घाई. पाणी तसंच सोडलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं. पण नईमनी नालीत चिंध्यांचा बोळा कोंबला.

"आज धुनं नाई. पोरगी दुसरा पडदा आणेपर्यंत थांबा लागते."

ड्रायव्हर बडबडत दुसऱ्या गॅरेजात गेला. आणि नईम तलावाकडे निघाले, पडदा फाटल्याचं कुंताबाईला स्वतः सांगायला.

मला आता खुशाल फेकून द्या. फक्त नवा पडदा येईपर्यंत तो बोळा कुणी काढू नका.