ढेऱ्याच्या पोटात कोळसा

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी पिंप आहे. निदान आज मला पाहणारा तसेच म्हणेल. खरे तर मी गोबर गॅसची टाकी होतो. आपली कहाणी आपणच सांगावी का, याची मला खात्री नाही. तरी सांगतो, कारण या घरात पुन्हा खोकला ऐकू येऊ लागला आहे.

एका वेल्डरने मला पत्र्यातून घडवले. साबणाचे पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का, ते त्याने पाहिले. एकही आला नाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी.

या घरी मला आणले ते सासूबाईंच्या खोकल्यामुळे. लाकडांच्या धुराने त्यांची छाती भरली होती. धूर थांबल्याशिवाय औषधाचा गुण येणार नाही, असे डॉक्टरांनी सुनेला बजावले होते. मग मागच्या अंगणात शेणकाल्याची विहीर बांधली आणि तिच्यावर मला पालथे घातले. पालथ्या घड्याला तुम्ही लोक नावे ठेवता. पण मी पालथा होतो, म्हणूनच शेणातून निघणारा गॅस माझ्या पोटात साठे आणि नळीने स्वयंपाकघरात जाई. पोट भरले की मी वर उचलला जाई, स्वयंपाक झाला की खाली बसे. ते पाहून सासूबाईंनी माझे नाव ढेऱ्या ठेवले.

सून रोज सकाळी गाईंचे शेण पाण्यात कालवून विहिरीत सोडी. मग बोटाने माझ्यावर टकटक करून विचारी, "भरलं का रे पोट?"

सासूबाई खाटेवरून म्हणत, "नवऱ्याला इतक्या मायेनं विचारलं असतंस, तर तो दोन घास जास्त जेवला असता."

हळूहळू त्यांचा खोकला गेला. शेजारणी मला पाहायला येत. सून पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवून दाखवी. बोट स्वच्छ असे. तेव्हा मला वाटे, मी या घराचाच झालो.

पुढे वस्तीजवळ कोळशावर चालणारे वीजकेंद्र आले. घरच्या धन्याला तिथे नोकरी लागली. घरात दिवे आले, धाकटी मुलगी त्यांच्या उजेडात वाचू लागली. त्याचा मला आनंदच झाला. पण चराईच्या माळावर राखेचे ढीग पडले आणि गाई विकायचे ठरले. दोन गाई तरी ठेवा, असे सासूबाईंनी विनवले. धनी म्हणाला, "आई, पगारदार माणसाच्या घरात आता शेण कोण कालवणार?"

मी सुनेकडे पाहत होतो. ती म्हणाली, "माझेही हात थकलेत हो." ते खोटे नव्हते. तरी मला वाटले होते, ती माझ्या बाजूने बोलेल.

गाई गेल्या. मी उपाशी पडलो. गॅसचा सिलिंडर आला, पण संपला की दुसरा लवकर मिळेना. रस्त्याच्या वळणावर ट्रकमधून कोळसा सांडे. फुकट ते पौष्टिक म्हणत सगळी गल्ली तो वेचू लागली. थकलेल्या हातांची सूनही वाकून वाकून वेचू लागली.

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने मला विहिरीवरून ओढून काढले, तोच सून म्हणाली, "थांबा, नेऊ नका त्याला." माझा जीव भांड्यात पडला.

"कोळसा ठेवायला होईल," ती पुढे म्हणाली.

मला उताणे केले आणि त्याच पोटात कोळसा ओतला. भंगारात गेलो असतो तर इतके लागले नसते.

आता शेगडीपाशी सून खोकते. काल सासूबाई तिला म्हणाल्या, "मला वाटलं, माझा खोकला गेला. गेला नव्हता गं. तुझी वाट बघत दारात बसला होता."

सून शेगडीपासून उठली. कोळसा घ्यायला आली आणि जुन्या सवयीने तिने माझ्यावर टकटक केली. मग आपले बोट पाहिले. ते काळे झाले होते. कितीतरी वेळ ती त्या बोटाकडे पाहत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी जे काही पेटत असेल, त्याचा धूर कुणाच्या छातीत जातो, ते एकदा विचारा. फुकट मिळते म्हणून ते घरात आणू नका. आणि कुणी या अंगणात आलात, तर माझे पोट रिकामे करून साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडा येणार नाही, असे मला वाटते. मी अजून कुठेही फुटलेलो नाही.