परिशिष्ट सात पाहा

मी परिशिष्ट सात बोलतोय. परिशिष्ट म्हणजे अहवालाच्या शेवटी जोडलेली पुरवणी. हे मुद्दाम सांगतो, कारण तिथपर्यंत पोचणारे वाचक फार थोडे. खात्यानं वर्षभरात काय काम केलं आणि पैसा कशावर घातला, हे सभागृहातल्या सदस्यांना कळावं म्हणून दरवर्षी एक जाडजूड अहवाल निघतो. पुढे मंत्र्यांचा फोटो, मग त्यांचं मनोगत, मग रंगीत आलेख, आणि सगळ्यात मागे आम्ही परिशिष्टं. मानपान आमच्या वाट्याला कधीच नव्हता. पण खरं काय ते आमच्यापाशी असतं, एवढा तोरा मला होता.

माझा जन्म पूल खात्याच्या सांख्यिकी शाखेत झाला. शाखेच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांच्या माघारी सगळे त्यांना दशांशबाई म्हणत. कोणी "जवळपास सत्तर टक्के" म्हणालं, की त्या मान वर न करता विचारायच्या, जवळपास म्हणजे नक्की किती? सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही आकडा कधी कोणाला सोयीनं वाकवू दिला नव्हता. शिपाईसुद्धा त्यांना चहाचे कप मोजून सांगायचा. असल्या बाईच्या हातून आपण घडलो, याचा मला फार अभिमान वाटायचा.

त्या वर्षीच्या मसुद्यात त्रेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं: खात्याच्या सर्व दोनशे चौदा पायपुलांची तपासणी करण्यात आली. बाईंना 'सर्व' हा शब्द खटकला. त्यांनी तपासणीचे तक्ते मागवले, बोट ठेवून मोजले, तर ते भरले एकशे त्र्याऐंशी. उरलेल्या एकतीस पुलांकडे वर्षभरात कोणी फिरकलंच नव्हतं. प्रवासखर्च मात्र दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पुलांचा लागला होता. कागदावर जीप गेली, पेट्रोल गेलं, माणूस तेवढा गेला नाही.

बाई कोणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी एकतीस पुलांच्या एकतीस रखवालदारांना एकेक करून फोन लावला. काही जण सुट्टीच्या दिवशीच सापडायचे, म्हणून रविवारी माझा कच्चा कागद घरी गेला. जेवणाच्या टेबलाशी बाईंची थोरली बहीण मटार सोलत बसली होती, आणि तिच्या शेजारी बाई माझ्या ओळी भरत होत्या.

सतराव्या ओळीपाशी खिळेमामा भेटले. खिशात कायम खिळे आणि कमरेला हातोडी, म्हणून त्यांना त्या बाजूला सगळे याच नावानं ओळखत. त्यांचा पूल झुलता. अलीकडे कामगारांची वस्ती, पलीकडे सूतगिरणी, मध्ये खोल नदी. मामांनी खात्याला तीन पत्रं लिहिली होती, एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"फळ्या मी ठोकतो हो बाई," ते फोनवर म्हणाले. "पण त्या जाड तारेचं मी काय करू? तिचे पदर सुटायला लागलेत. एकेक मोजून सांगू शकतो तुम्हाला."

"सांगा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "मामा, तुमचा पूल मी सभागृहापुढे ठेवते. छापून आल्यावर नाही म्हणायची कोणाची टाप नाही."

फोन ठेवल्यावर ताईंनी मटाराची शेंग तशीच हातात धरून सांगितलं, की अगं, असा शब्द देऊन बसू नकोस, तुझ्या हातात आहे काय तर एक तक्ता. बाई म्हणाल्या, तक्ताच लागतो, ताई. ते ऐकून मला मूठभर मांस चढलं.

अशा रीतीनं मी पुरा झालो. दोन पानं, एकतीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत एक पूल, त्याची अवस्था आणि रखवालदाराचं पूर्ण नाव. त्रेचाळिसाव्या पानावरचं वाक्यही बाईंनी दुरुस्त केलं: एकशे त्र्याऐंशी पुलांची तपासणी झाली, उरलेल्या एकतीस पुलांची राहिली (परिशिष्ट सात पाहा). माझ्या नावानं मुख्य अहवालात हाक मारलेली मी पाहिली. आता मी अनाथ नव्हतो.

मग उपसचिव साहेबांकडून बोलावणं आलं. गोड बोलून काम काढून घेण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मला सावकाश वाचलं, बाईंच्या मेहनतीचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग म्हणाले, की सभागृहात राईचा पर्वत करणारी माणसं बसलीत, आपलीच लक्तरं आपण वेशीवर का टांगायची? हे एकतीस पूल पुढच्या तिमाहीत गुपचूप उरकून टाकू. एवढं बोलून त्यांनी टेबलावरची एक फाइल डावीकडून उजवीकडे सरकवली. ती बाईंच्या बढतीची होती. फाइलविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत.

मी बाईंच्या हातात होतो. त्यांच्या अंगठ्याचा घाम मला लागत होता. मला वाटलं, आता या विचारणार, गुपचूप म्हणजे नक्की कोणत्या तारखेला? पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मग वाक्य काय ठेवायचं, साहेब?"

"पहिलं होतं ते काय वाईट होतं?"

जागेवर परत येऊन बाईंनी माझी पिन काढली आणि मला बाजूला ठेवलं. वाक्यात 'सर्व' परत आलं, दोनशे चौदा परत आले. मात्र घाईत कंसातले तीन शब्द तसेच राहिले. अहवाल छापून आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: सर्व दोनशे चौदा पायपुलांची तपासणी करण्यात आली (परिशिष्ट सात पाहा). आणि अहवाल संपत होता परिशिष्ट सहावर.

दशांश न चुकवणाऱ्या बाईंनी एवढी ढोबळ चूक करावी? मला ते पटेना. खालच्या खणात, जुन्या डायऱ्या आणि थर्मासच्या सुट्या झाकणाशेजारी पडल्या पडल्या मी स्वतःची समजूत घातली, की बाईंनी हे जाणूनबुजून ठेवलंय. साहेबांपुढे बोलता आलं नाही, म्हणून माझ्यासाठी दार किलकिलं ठेवलंय. या आशेवर मी कित्येक महिने काढले. आता स्वतःचीच कीव येते.

अहवाल सभागृहात मांडला गेला. सदस्यांनी तो हातात तोलून पाहिला, फोटो पाहिला, आणि बगलेत मारला. एकाच्या ड्रायव्हरनं तो उन्हासाठी गाडीच्या काचेला लावला, असं शिपाई सांगत होता. पण नव्यानं निवडून आलेला एक सदस्य धंद्यानं शिंपी होता. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलट बाजूनं शिवण बघायची, ही त्याची सवय. त्यानं अहवाल मागून वाचायला घेतला. खात्यांच्या कामाची झाडाझडती घेणाऱ्या समितीत त्यानं विचारलं, सातवं परिशिष्ट कुठाय? बाकीचे हसले. छापखान्याची चूक असेल म्हणाले. तो हसला नाही. शेवटी समितीनं साहेबांना आणि बाईंना साक्षीला बोलावलं.

त्या दिवशी सकाळी बाईंनी मला खणातून काढून पर्समध्ये ठेवलं. माझा आनंद गगनात मावेना. आज आपला दिवस, आज मामांचा पूल सगळ्यांसमोर वाचला जाणार.

समितीची खोली लांबलचक. पेल्यांवर कागदी झाकणं, प्रत्येकापुढे माइक, आणि बोलणाऱ्याच्या माइकवर लाल दिवा. पर्स बाईंच्या मांडीवर होती आणि तिची चेन अर्धी उघडी, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली, मुद्रणदोष म्हणाले, असे दोष पुढच्या वेळी टाळू म्हणाले. शिंपी सदस्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि बाईंकडे वळून विचारलं.

"बाई, तुम्ही सांगा. हे परिशिष्ट कधी तयार झालं होतं का?"

बाईंचा हात पर्समध्ये आला. तो मला लागला. मी अक्षरशः वर सरकलो. पण त्या हातानं माझ्याखालचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि बाईंनी साहेबांनी लिहून दिलेली चिठ्ठी वाचली.

"असं कुठलंही परिशिष्ट तयार करण्यात आलेलं नव्हतं. तो उल्लेख चुकून राहिला. चूक माझी आहे."

मी त्यांच्यापासून चार बोटांवर होतो. माझ्या एकतीसही ओळी त्यांच्याच अक्षरात होत्या. पोटच्या पोराला ओळख न दाखवणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. ते माझ्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

शिंपी सदस्यानं अहवाल मिटला. मग म्हणाला, "माप घेतलं, कापड कापलं, आणि बाही कुठाय विचारलं तर म्हणता, माणसाला हातच नव्हता." दोघे-तिघे हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. खुलासा समाधानकारक, अशी नोंद झाली.

ऑफिसात परतल्यावर बाई मला फाडतील असं वाटलं होतं. त्यांनी फाडलं नाही. माझ्या कोपऱ्यात तारीख घालून सही केली, मला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि खणात ठेवलं. मी पुन्हा विरघळलो. म्हटलं, माया आहे, उगाच नाही जपलं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंचं उत्तर ऐकू आलं.

"फाडीन कशी? उद्या तो पूल पडलाबिडला तर मी लिहिलं होतं, हे दाखवायला नको का?"

तेव्हा माझे डोळे उघडले. मी मामांसाठी नव्हतो, सभागृहासाठी तर नव्हतोच. मी बाईंची छत्री होतो. पाऊस कोणावर पडतोय याच्याशी छत्रीला देणंघेणं नसतं, ती ज्याच्या हातात त्याची.

बढती झाली. शाखेत पेढे नाहीत, पण बिस्किटं वाटली. साहेबांनी म्हटलेली तिमाही केव्हाच येऊन गेली होती. सतराव्या ओळीतल्या पुलावर कोणी आलं नाही. तारेचे आणखी दोन पदर तुटले तेव्हा खिळेमामांनी वाट बघणं सोडलं. दोन्ही टोकांना आडव्या फळ्या ठोकल्या आणि आपल्या हातानं पाटी लिहिली: पूल बंद, तार तुटते आहे. गिरणीच्या कामगारांना दीड तासाचा वळसा पडायला लागला. पाळ्या चुकल्या. गिरणीनं थेट मंत्र्यांकडे तक्रार केली.

मामांनी बाईंना फोन केला. आवाजात धास्ती नव्हती, उलट धीर होता. वरून विचारणा होणार हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, तुम्ही आमचा पूल सभागृहापुढे ठेवलात ना, त्या कागदाची एक प्रत तेवढी पाठवा. ती दाखवली की माझी नोकरी राहते.

"बघते मामा," बाई म्हणाल्या.

सरकारी ऑफिसात 'बघते' म्हणजे काय, हे भिंतीवरच्या पालीलाही कळतं. मामांना कळलं नाही. ते म्हणाले, बरं बाई, उपकार झाले.

काल साहेबांकडून एका नोटिशीचा मसुदा आला. वार्षिक अहवालाच्या त्रेचाळिसाव्या पानानुसार सदर पुलाची तपासणी झालेली आहे, समितीनं ते मान्य केलेलं आहे, तरीही आपण कोणतेही अधिकार नसताना पूल बंद केलात, तरी आपल्याला नोकरीतून का काढू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. रखवालदाराच्या नावाची जागा मोकळी होती. ऑफिसात कोणालाच खिळेमामांचं खरं नाव माहीत नव्हतं. ते भरून द्यायला कागद बाईंकडे पाठवला होता.

बाईंनी खालचा खण उघडला. पाकिटातून मला काढलं आणि टेबलावर सरळ केलं. मूर्खासारखं मला अजूनही वाटलं, की आता या उठतील आणि मला घेऊन साहेबांच्या खोलीत जातील. त्यांनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. मामांचं पूर्ण नाव माझ्यावरून पाहून नोटिशीत लिहिलं. मग एकेक अक्षर पुन्हा ताडून पाहिलं, कारण बाईंच्या हातून चूक झालेली बाईंना चालत नाही.

नोटीस आज सकाळच्या टपालानं गेली. मामा उत्तर लिहायला बसतील, तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नसेल. मी कुठे आहे ते सांगून ठेवतो. तिसरा मजला, जिन्यालगतची खोली, खिडकीकडचं टेबल, सगळ्यात खालचा खण. सात दिवस आहेत. कोणीतरी या. खणाला कुलूप नाही. ते लावायची गरज बाईंना कधी वाटलीच नाही.