दोऱ्याच्या उजव्या नडगीवर

शनिवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास यजमान संघाने दुसरा गोल केला आणि सारे मैदान उठून उभे राहिले. त्याच्या क्षणभर आधी, मधल्या वर्तुळापासून थोड्या अंतरावर, त्याच संघाच्या मिडफिल्डरची उजवी नडगी मोडली. गोल सगळ्यांनी पाहिला. हाड मोडल्याचा आवाज मात्र फक्त मी ऐकला, कारण मी त्याच नडगीवर होतो.

मित्रांनो, मी एक जुना शिनगार्ड आहे. फुटबॉल खेळणारे लोक मोज्याच्या आत, नडगीवर, प्लास्टिकचे एक कवच बसवतात, ते मी. डाव्या पायावर माझा जोडीदार असतो. नडगी म्हणजे गुडघ्याखालचे पुढचे हाड. पलंगाचा कोपरा तिथे लागला तरी मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येते. मग खिळ्यांच्या बुटाची लाथ बसल्यावर काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम होऊन मऊ पडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकवर साचा दाबला गेला आणि मला आकार आला. एका बाईंनी माझ्या पाठीला फोमची गादी चिकटवली. दुसऱ्या बाईंनी आतल्या बाजूला लेबल लावले: ‘लहान. वय नऊ ते अकरा.’ त्यात चूक काहीच नव्हती. त्या मापाच्या पायासाठी मी अगदी योग्य होतो.

मला विकत घेतले ते एका मुलाच्या ताईने. ती नुकतीच बस डेपोत तिकीट खिडकीवर लागली होती. आईवडील दोघेही दिवसभर कामावर असायचे, त्यामुळे भावाचे दुखलेखुपले तीच बघायची. दुकानदाराने तिच्यापुढे दोन जोड्या ठेवल्या.

“थोडे मोठेच न्या ताई. पोरगं काय, भराभरा वाढतं.”

“नको. आत्ता नीट बसले पाहिजेत,” ती म्हणाली. “वाढला की नवे घेईन.”

आज मागे वळून पाहताना मला त्या दोघांमध्ये कोणाचेच चुकलेले दिसत नाही. चूक पुढे झाली, आणि ती सावकाश झाली.

मला पहिल्यांदा बांधले त्या दिवशी शाळेच्या सामन्यात एका दांडगट मुलाने माझ्या मालकाला जोरात लाथ मारली. ती बरोबर माझ्यावर बसली. मालक पडला, चाचपून पाहिले, उठला आणि पळू लागला. बाहेरून ताई ओरडली, “लागलं का रे?” तो म्हणाला, “छे! काहीच नाही!” त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पक्के बसले की मी असलो की त्याला काही होत नाही. मलाही तसेच वाटू लागले. कौतुक कोणाला नको असते?

त्याचे टोपणनाव पडले ‘दोऱ्या’. ते त्याच्या पहिल्या प्रशिक्षकांनी दिले. ते म्हणायचे, “मागची फळी एक कापड, पुढची फळी दुसरं कापड. मधे दोरा नसेल तर अंगरखा उसवलाच म्हणून समजा.” दोऱ्या मैदानाच्या मधोमध खेळायचा. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. गोल करणाऱ्याचे फोटो छापून येतात. दोऱ्याचे क्वचितच आले.

पण त्याची एक खासियत होती. तो पास उशिरा द्यायचा. चेंडू पायाशी आला की समोरचा खेळाडू धावून येतो. इतर मिडफिल्डर तो यायच्या आत चेंडू सोडतात. दोऱ्या थांबायचा. समोरचा अगदी अंगावर आला, की मग चेंडू सरकवायचा. त्यामुळे त्या खेळाडूने सोडलेली जागा मोकळी पडायची आणि आमचा कोणीतरी तिथून निसटायचा. एका वार्ताहराने लिहिले होते की हा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला घरी बोलावतो आणि स्वतः मागच्या दाराने निघून जातो. वर्णन चांगले होते. पण एक गोष्ट त्यात आली नव्हती. पाहुणा वेगात आलेला असायचा आणि चेंडू गेला तरी त्याची लाथ यायचीच. ती मी झेलायचो.

एकोणिसाव्या वर्षी तो व्यावसायिक संघात गेला. संघाने त्याला नवे, मोठे, हलके गार्ड दिले. त्याने एकदा सरावात घातले आणि काढून ठेवले. संघाचे कपडे, बूट, मोजे सांभाळणारे किटमन काका बाजूलाच होते.

“काय झालं?”

“पाय दुसऱ्याचाच वाटतो, काका.”

“लाथ बसली की तुझाच वाटेल.”

काका बोलले आणि तरीही त्याच संध्याकाळी त्यांनी माझा सैल झालेला इलॅस्टिकचा पट्टा उसवून नवा शिवून दिला. त्यानंतर तो पट्टा त्यांनी कितीदा बदलला याला गणती नाही.

तुम्हाला वाटेल, एवढा मोठा खेळाडू आणि लहान मुलाचे गार्ड? पण मित्रांनो, त्या ड्रेसिंग रूममध्ये हे नवल नव्हते. मोठा गार्ड घोट्याला टोचतो, वळताना अडतो, चेंडू पायाला नीट ‘कळत’ नाही, असे त्यांच्यात बोलले जायचे. एक बचावपटू शाळकरी भाच्याचे गार्ड घालायचा. आघाडीचा एक खेळाडू तर साबणाच्या डबीचे झाकण कापून मोज्यात सरकवायचा. सामन्याआधी रेफरींचे सहायक रांगेतून फिरत, प्रत्येकाच्या नडगीवर बोटाने टकटक करत आणि कडक काही लागले की पुढे जात. गार्ड आहे की नाही एवढेच ते पाहत. केवढा आहे, हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

“दोऱ्या, हे गार्ड आहेत की आइस्क्रीमचे चमचे?” गोलरक्षक विचारायचा.

“तुझे हातमोजे आहेत ना, त्याहून जास्त चेंडू यांनी अडवलेत,” दोऱ्या म्हणायचा.

सगळे हसायचे. मी त्या हसण्यात फुशारून जायचो. मोठमोठे गार्ड कपाटात पडून आणि मी मैदानात! तेव्हा मला हा माझा मान वाटला.

एकच व्यक्ती हसत नव्हती. ताई आता डेपोतली मुख्य तिकीट तपासनीस झाली होती. विनातिकीट कोण, हे ती तिकिटाकडे न बघता माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखायची, असे डेपोत म्हणत. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ती दोऱ्याला मोठ्या मापाच्या गार्डची नवी जोडी पाठवायची. एकदा सामन्याच्या दिवशी तिचा फोन आला. दोऱ्या बुटाच्या नाड्या बांधत होता, म्हणून त्याने फोन बाकावर ठेवून स्पीकर लावला.

“काय रे शहाण्या, मी पाठवलेले गार्ड घालतोस ना?”

“घालतो गं.”

“मग टीव्हीवर मोजा घोट्यापाशी गोळा झालेला कसा दिसतो? मोठ्या गार्डवर मोजा वर नको का?”

“कॅमेरा तसं दाखवतो, ताई.”

“असं? मोजे तेवढे तोकडे दाखवतो? मग तुझं नाक का नाही तोकडं दाखवत?”

ड्रेसिंग रूममध्ये एकच हशा पिकला. दोऱ्याही हसला. मग त्याने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि हळू आवाजात म्हणाला, “खरंच घालतो. तुझी शपथ.” हे म्हणताना त्याचा दुसरा हात मला मोज्यात सरकवत होता.

या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो.

आता त्या शनिवारकडे वळू. संघ एका गोलने पुढे होता. दोऱ्या एकतिसाव्या वर्षात होता, अजून तीन-चार हंगाम सहज खेळेन असे म्हणत होता, आणि त्या दिवशी तो सुरेख खेळत होता. चेंडू त्याच्याकडे आला. समोरच्या संघातला एक तरुण खेळाडू धावत निघाला. दोऱ्या नेहमीप्रमाणे थांबला. तरुणाने घसरत पाय टाकला. दोऱ्याने चेंडू सरकवला. चेंडू गेला, पाय आला.

त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता, हे नोंदवायला हवे. त्याला फक्त उशीर झाला. त्याच्या बुटाचे खिळे माझ्या खालच्या कडेपासून तीन बोटे खाली लागले. तिथे मोजा होता, कातडी होती आणि हाड होते. मी नव्हतो.

रेफरींनी खेळ थांबवला नाही, कारण चेंडू आमच्याच माणसाकडे गेला होता. त्याने गोल केला. सगळे सहकारी कोपऱ्यातल्या निशाणाकडे धावले आणि एकमेकांच्या अंगावर पडले. मागून आमचा गोलरक्षक नाचत आला. “उठ की रे दोऱ्या, गोल झाला!” असे म्हणत त्याने हात पुढे केला, आणि पायाकडे नजर जाताच तो हात तसाच हवेत राहिला. तो तरुण खेळाडू जवळच गवतावर डोके धरून बसला होता. प्रेक्षक अजून टाळ्या वाजवत होते.

इस्पितळात कात्रीने मोजा कापला. मला आणि माझ्या जोडीदाराला एका पारदर्शक पिशवीत घालून खाटेच्या कडेला टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. तिने आधी भावाच्या कपाळावर हात ठेवला, मग त्याच्या वस्तू आवरायला घेतल्या. पिशवीत हात घातला आणि मी तिच्या तळहातावर आलो. पूर्ण मावलो. बोटेही मिटता आली असती.

“हे?”

दोऱ्याने भिंतीकडे तोंड केले.

“हे तर मी घेतले होते. तू चौथीत होतास.”

“हो.”

“आणि मी दर वर्षी पाठवत होते ते?”

“कपाटात आहेत. सगळे. पिशव्यांसकट.”

ताई चिडली असती तर बरे झाले असते. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ माझ्या आतले लेबल अंगठ्याने घासत राहिली. अक्षरे कधीच पुसली गेली होती.

“घालत नाही म्हणाला असतास,” ती शेवटी म्हणाली, “तर मी आले असते. येऊन भांडले असते. तेवढी सुटी मला मिळत होती रे.”

डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना सरळ विचारले, मोठा गार्ड असता तर हाड वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही. गार्ड असूनही हाडं मोडतात. पण माराचा जोर पसरला असता, एवढं नक्की.” ताईने मान डोलावली. माझ्या मते नेमके हेच उत्तर तिला नको होते. होय किंवा नाही, यातले काहीही तिला चालले असते.

पायात सळई घातली. हाड जुळले नाही. हंगाम संपला, संघाशी असलेला करारही संपला. दोऱ्याच्या जागी एक नवा मिडफिल्डर आला. तो चेंडू लवकर सोडतो आणि चांगला खेळतो. किटमन काका एकदा भेटायला आले होते. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले, आणि निघताना दारात ताईला म्हणाले, “मीच शिवत होतो हो ते पट्टे. एकदा तरी नाही म्हणायला पाहिजे होतं.” ताई म्हणाली, “त्यानं दुसऱ्याकडून शिवून घेतले असते.” काका तरीही बूट घालता घालता थांबले होते.

दोऱ्या आता ताईच्या घरी राहतो आणि कुबड्यांवर चालतो. गेल्या महिन्यात दुसरे ऑपरेशन झाले. मी ताईच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात आहे. सोबत जुने सेल, एक पेचकस, दोऱ्याचे रीळ आणि माझा जोडीदार. प्लास्टिक पिवळे पडले आहे, फोमचा भुगा होतो आहे. पट्टा मात्र नवा आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याशी बोलू लागल्या की बहुधा म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मला कोणी फेकले नाही. मला वीस वर्षांहून अधिक काळ जपले, धुतले, शिवले, मिरवले, आणि नेमके तेच व्हायला नको होते. तुमच्या पायाला, डोक्याला, हाताला राखण्यासाठी जे काही तुम्ही घालता, ते दर वर्षी एकदा अंगाशी धरून बघा. तुम्ही वाढलात आणि ते वाढले नाही, तर त्याचे आभार माना आणि त्याला सोडून द्या. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. आणि घरात कोणी विचारले, घातलेस ना, तर खरे सांगा. भांडण होईल. ते भांडण करून घ्या.

ताजी बातमी एवढीच. काल एक्स-रे निघाला. हाड धरू लागले आहे, पण फट पूर्ण भरलेली नाही. दीड महिन्याने पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले. पुन्हा खेळता येईल का, यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ताई कांदा चिरत होती. दोऱ्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, ते जुने गार्ड कुठं आहेत गं?”

सुरी थांबली. “का रे?”

“असंच.”

“टाकून दिले,” ताई म्हणाली, आणि पुन्हा चिरू लागली.

त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि तो गेला.

आज सकाळी ताई डेपोत गेल्यावर कुबड्यांचा आवाज स्वयंपाकघरात आला. पहिला खण उघडला, बराच वेळ चाचपला गेला, बंद झाला. आता दुसरा उघडला आहे. आम्ही चौथ्यात आहोत.