पायऱ्या मोजा, वहीत लिहा

आमच्या शहराची गमतीदार माहिती मी लिहिते. बंदरालगतच्या माहिती केंद्रात एक खिडकी, एक पंखा आणि एक मी. येईल त्याच्या हातात चार घड्यांचं पत्रक ठेवायचं. त्यात दहा चौकटी, दहा गमती. बंदरावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, कारण ते बसवणाऱ्या कारागिराचं जहाज चुकलं आणि त्याला ते कबूल करायचं नव्हतं. दीपगृहाच्या जिन्यात तळाशी कुजबुजलेलं वरच्या सज्जात स्पष्ट ऐकू येतं, तेव्हा सासूबाईंना आधी वर पाठवू नये. मत्स्यालयातलं कासव नगरपालिकेपेक्षा वयाने मोठं आहे आणि कामाला जास्त वेळेवर येतं. हे शेवटचं साहेबांनी खोडलं. साहेबांना विनोद कळतो, फक्त सही करताना कळेनासा होतो.

पण मी थापा छापत नाही. कासवाचं वय मी जुन्या कागदांतून स्वतः काढलंय. छापायचं तर मोजून छापायचं, हा माझा हट्ट. तोच माझ्या भावाला भोवला.

अकरा वर्षांपूर्वी पत्रक छापखान्यात जायला निघालं आणि दहावी चौकट रिकामी होती. धाकटा भाऊ पाट्या रंगवायचा. अर्ध्या बाजारपेठेवर अजून त्याचं अक्षर आहे. तो खिडकीशी चहा पीत उभा होता.

"मागच्या पायऱ्यांचं टाक ना," तो म्हणाला. केंद्राच्या मागून दगडी पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. "लिही, खूप आहेत."

"खूप म्हणजे किती? मोघम लिहायला मी काय निवडणुकीला उभी आहे?"

"बरं बाई, मोजून येतो."

त्या दिवशी वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी होती. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो मोठ्याने मोजत उतरला आणि मी वर कागद घेऊन उभी राहिले. तिसाव्या पायरीवर पाणी लागलं. त्याने पाय पुढे टाकून चाचपलं आणि मान वळवून म्हणाला, "ताई, अजून आहेत."

मी म्हणाले, "मग मोज ना."

हे माझे शब्द. गुडघ्याएवढ्या पाण्यातून एकतीस ऐकू आलं, छातीएवढ्या पाण्यातून चौतीस. पस्तीस मला ऐकू आलं नाही.

पाणबुडे दोन दिवस शोधत होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, पायऱ्या तीसच आहेत. पुढे नुसती वाळू." मी त्यांना पुन्हा उतरायला लावलं. तीसच होत्या.

पत्रक काही थांबलं नाही. दहावी चौकट साहेबांनी लिहिली: "या पायऱ्या किती, हे कोणालाच ठाऊक नाही! मोजा आणि आमच्या वहीत लिहा." मी ती तशीच छापखान्यात पाठवली. भावजयीला नुकतंच दीपगृहाच्या तिकीट खिडकीवर लावून घेतलं होतं, तेही साहेबांच्याच शब्दाखातर. दुपारचा डबा ती माझ्याकडे येऊन खायची. पायऱ्यांकडे पाठ करून बसायची.

वहीत पाच रकाने: कुठून आलात, किती जण, पायऱ्या किती मोजल्या, अभिप्राय आणि कार्यालयाचे उत्तर. आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, हा साहेबांचा नियम. मी सगळ्यांना एकच लिहिते: धन्यवाद, पुन्हा या.

पुढच्या वर्षी मोठ्या ओहोटीच्या दुसऱ्या सकाळी वही उघडली, तर पान ओलं होतं. कुठून आलात: खालून. किती जण: १. पायऱ्या: ५१. त्या पाचाला पोट सुटलं होतं. भावाचा पाच तसाच असायचा. "तुझा पाच जेवून आलेला दिसतो," म्हणून मी त्याला चिडवायची. मी वही कपाटात टाकून कुलूप लावलं आणि नवी वही काढली. कोणाला सांगितलं नाही, भावजयीला तर नाहीच.

मग दरवर्षी त्याच सकाळी आकडा यायचा. ९५. १५२. २०५. उत्तराचा रकाना मी कोरा ठेवायची. पाचव्या वर्षी २५३ आला आणि माझा धीर सुटला. एवढ्या खाली तो अजून माझ्या पत्रकासाठीच मोजत होता. मी लिहिलं: "पुरे झालं मोजणं. परत ये."

सहाव्या वर्षी आकडा आला २१५.

मी खिडकीत बसून रडले, आनंदाने. समोरच्या पाहुण्याला वाटलं, त्याने स्वच्छतागृहाची तक्रार केली म्हणून. तो बिचारा माफी मागून गेला. मग मी शेजारचा रकाना पाहिला. किती जण: ५.

त्यापुढच्या वर्षी १५० आणि जण १५. नंतर ८५, मग ५२. पायऱ्या कमी होत होत्या आणि माणसं वाढत होती. गेल्या वर्षी पायऱ्या ३५, जण १५५. फार पूर्वी मी पत्रकासाठी या बंदरात बुडालेल्यांची यादी काढली होती. ही काही गमतीदार माहिती नाही, म्हणून साहेबांनी ती परत केली होती. ती कपाटातून काढून मी पुन्हा मोजली. एकशे चोपन्न नावं होती. माझ्या भावाचं त्यात नव्हतं, यादी त्याच्या आधीची.

त्यानंतर मला झोप धड लागली नाही. भाऊ यावा असं वाटायचं आणि तो येतोय या विचाराने मी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासायची. मी एकट्याला बोलावलं होतं.

यंदा साहेब नकाशा घेऊन आले. चोवीस पायऱ्या लोकांसाठी ठेवायच्या, पंचविसाव्या पायरीपासून खाली सगळ्यावर काँक्रीटचा स्लॅब. वर कठडा आणि फोटोसाठी शहराच्या नावाची मोठी अक्षरं. त्यांना माझी सही हवी होती: या कामाने केंद्राच्या कोणत्याही आकर्षणास बाधा पोहोचत नाही.

तीन दिवस कागद माझ्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी भावजय डबा उघडता उघडता म्हणाली, "पायऱ्या बुजवणार म्हणे. बरं होईल, ताई. मला तिकडे बघवत नाही."

मला तेवढंच निमित्त पुरलं. मी सही केली. तिला खरं सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही. महिनाभरात स्लॅब टाकून झाला. पहिला फोटो साहेबांनी काढून घेतला.

मग मोठी ओहोटी आली. दुसऱ्या सकाळी मला बसने उशीर झाला. पोहोचले तेव्हा भावजय माझ्या खिडकीत उभी होती. सुटी नाणी शोधायला आली होती, केंद्राची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. समोर वही उघडी होती. पानाचा ओलावा तिच्या बाहीला लागला होता आणि तिचं बोट एका पोट सुटलेल्या पाचावर होतं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

मी कपाट उघडून जुन्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने सगळ्या वाचल्या. माझं "परत ये" वाचलं, तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग ताजं पान माझ्याकडे फिरवलं.

कुठून आलात: खालून. किती जण: १. पायऱ्या: २५. अभिप्राय: वर फरशी लागली. बाकीचे मागे फिरले. ताई, मी थांबू का?

तिने पेनचं टोपण काढून पेन वहीवर ठेवलं आणि आपल्या तिकीट खिडकीवर निघून गेली. रोज दुपारी येते, डबा उघडत नाही, उत्तराचा रकाना बघते, थोडा वेळ बसते आणि जाते. आता ती पायऱ्यांकडे तोंड करून बसते.

आज आठवा दिवस आहे.