श्रावणातलं मीठ

हरेश पाटलाला नमिताने माफ केलं नाही, आणि का म्हणून करावं? घणसोली गावात मिठाचा सत्याग्रह केला तो तिच्या पणजीने, रंगूबाईने. पदर खोचून गावच्या बायका घेऊन गेली होती ती मिठागरात. लग्नात धवलं गाणारी गोजराआई आजही हळदीला रंगूचं नाव घेते. आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात बघावं, तर मीठ लुटणारा वीर कोण? नामा पाटील, म्हणजे हरेशचा पणजोबा! रंगूबाईचं नाव औषधालासुद्धा नाही.

लिहिणारा अर्थातच हरेश. बिल्डर झाला, टॉवर उठवले, आता साहेबांना थोर पूर्वज हवा होता.

नमिता कॉलेजात इतिहास शिकवते. तिने ते पान दुरुस्त केलं. संध्याकाळपर्यंत हरेशने होतं तसं करून ठेवलं. तिने पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा पुसलं आणि वर शेरा मारला, 'पुरावा काय?' शेवटी ती त्याच्या ऑफिसात जाऊन बसली.

"दादा, धवल्यात रंगूबाईचं नाव आहे. गोजराआईला विचार."

हरेश हसला. "बायकांच्या गाण्यांवरून इतिहास लिहितात काय गं? उगाच टेन्शन नको घेऊ. नाक्यावर फलक लावतोय, नामा पाटील चौक. पानावर आहे तेच कोरणार. चहा घेणार?"

तिने चहा घेतला नाही. घरी येईस्तोवर तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने पुन्हा पान उघडलं, या खेपेला सावकाश वाचलं, आणि एका ओळीवर थांबली. 'श्रावणाच्या पहिल्याच दिवशी मिठागर लुटून नामा पाटील तुरुंगात गेले.'

नमिता एकटीच हसली. मीठ पिकतं उन्हात. श्रावणात मिठागरात मीठ शोधणारा एक तर वेडा, नाहीतर बिल्डर. नामा तुरुंगात गेला हे खरं असेलही, पण कशापायी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग तिने नामाच्या बापाचं नाव, गावाची हद्द, सन, जे जे चुकलं होतं ते सगळं नीट केलं. रंगूबाईचा विषय काढला नाही. श्रावणाच्या ओळीला तर बोटही लावलं नाही. हरेशचा मेसेज आला, 'आता कशी शहाणी झालीस.' तिने लिहिलं, 'दादा, बिनधास्त कोर.' आतली मास्तरीण टोचत होती. टोचू दे मेली, असं म्हणून नमिता भाकऱ्या थापायला उठली.

अनावरणाला अख्खं गाव लोटलं. हरेशने पडदा ओढला आणि माईकवर फलक स्वतःच वाचला, ठासून. श्रावणाची ओळ आली तशी पुढे बसलेली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"हरेश," गोजराआई बसल्या जागेवरून म्हणाली, "श्रावनात मीठ कुठचं रं? आगरात नुसतं पानी."

"आई, दिवस पक्का हाय. त्याच दिवशी आत गेले ते."

"गेला ना. आदल्या दिशी गटारी व्हती. पिऊन फौजदाराचा डोका फोडला त्यानं. माजी आय सांगायची. मीठ तर रंगूनं चैतातच लुटलेलं."

मांडव हसून लोळला. हरेश पडदा पुन्हा फलकावर ओढायला धावला. नमिताला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

रंगूबाईचं नाव त्याच संध्याकाळी पानावर गेलं, आणि या वेळी ते पुसायला कोणी आलं नाही. चौकाला मात्र रिक्षावाले आता गटारी नाका म्हणतात. हे नावही कोणीतरी पानावर चढवलं.

आठवड्याने हरेशचा फोन आला. आवाज पार खाली आला होता. "नमिता, तू शिकलेली, तुझं ऐकतील. ती गटारीची गोष्ट खोटी आहे, एवढं लिही ना तिथे."

"लिहिते की," नमिता म्हणाली. "पुरावा काय, दादा?"