तिला मोठ्या कारखान्याने नेलं

ज्याला तोंड नाही, नुसते दात आहेत, असा मी बोलतोय.

मला चेकिच म्हणतात. जर्दाळूच्या लाकडाची मूठ आणि तिच्या तळाला फुलाच्या आकारात ठोकलेल्या सुया, असं माझं रूप. उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंद शहरात नान तंदूरमध्ये लावण्याआधी त्याच्या मधोमध मला दाबतात. मला दाबलं नाही तर नानचं पोट फुगतं. दाबलं की मधला भाग चपटा राहतो, कडा तेवढ्या फुगतात आणि मधे फूल उमटतं. एवढंच माझं काम. दुसरं काही मला येत नाही.

बाजारामागच्या गल्लीतल्या एका कातारी म्हाताऱ्याने मला घडवलं. ओयदिनच्या आईने मला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नाच्या पेटीत रेशमी कापडांवर ठेवलं. तेव्हापासून मी ओयदिनचा झालो. ओयदिनही माझी, असं मी समजत आलो. माझ्या दुःखाचं मूळ या समजण्यातच आहे.

ओयदिन तुर्गून आकांच्या भट्टीत कामाला होती. भट्टी म्हणजे गल्लीच्या वळणावरची एक खोली आणि तिच्यात दोन तंदूर. तुर्गून आका मालक; आका म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. त्यांची बायको सलामत खाला पीठ मळायच्या. ओयदिन नान थापायची, मला दाबायची, वर तीळ टाकायची आणि वाकून नान तंदूरच्या भिंतीला चिकटवायची. माणसं तीन. मी स्वतःला चौथा धरत असे.

"ओयदिन, आज मीठ जास्त पडलंय गं," आका म्हणायचे.

"मीठ खालांनी घातलंय, आका. पण मी बोलले तर दोघं मिळून माझ्यावरच उलटाल."

"ऐकलं हं मी!" खाला आतून ओरडायच्या.

"ऐकू जावं म्हणूनच बोलले."

लहान जागेचं असंच असतं. मालक रागावला तर घरचं माणूस रागावल्यासारखं वाटतं, आणि पगार मागायची वेळ आली की घरच्या माणसापुढे हात पसरल्यासारखी लाज वाटते. ओयदिनला ताप असला तरी ती येई, कारण ती आली नाही तर दुसरं कोणी नव्हतं. मला याचा केवढा अभिमान! तिच्यावाचून अडतं म्हणजे माझ्यावाचून अडतं, असा माझा हिशेब.

मग शहराबाहेरच्या रस्त्यावर नानचा कारखाना उभा राहिला. ओयदिनची शेजारीण झुमराद तिथे लागली आणि रोज संध्याकाळी कुंपणावरून तिच्या कानी लागू लागली.

"आपा, तिथे रविवारी सुट्टी. आजारी पडलं तरी पगार कापत नाहीत. आणि न्यायला बस येते, थेट दारात."

"दारात?"

"म्हणजे मशिदीजवळच्या वळणावर. पण येते."

"आणि नान कसे होतात?"

"नान ना... नानसारखे दिसतात."

ओयदिन हसली. मलाही बरं वाटलं. पण आठवड्याभराने तिने तुर्गून आकांना सांगितलं, "आका, महिनाभर जाऊन बघते."

आकांनी चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "बघ. महिनाभर दुसरा तंदूर विझवून ठेवतो. आलीस तर पेटवू. नाही आलीस तर पाडून टाकू, पिठाची पोती ठेवायला जागा होईल."

ते पोत्यांचं बोलले. पण खालांनी पदराने डोळे पुसले.

पहिल्या दिवशी ओयदिनने शकुन म्हणून मला पांढऱ्या कोटाच्या खिशात घातलं. खिशाच्या तोंडातून मी त्याला पाहिलं. माझा वैरी! चकचकीत पोलादाचा, रांगाच रांगा सुयांच्या. तो वरून खाली यायचा, एका दणक्यात नानांची अख्खी पंगत टोचायचा, आणि पुन्हा वर. कणकेचा कण त्याच्या दातांत अडकत नव्हता. त्याला कोणी पुसत नव्हतं, कुरवाळत नव्हतं, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. मला त्याचं सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल, तर त्याच्या फुलाचं. ते माझ्या फुलापेक्षा सुबक होतं.

तेवढ्यात तिथला मुकादम नासिर आला. आमच्याच मोहल्ल्यातला, निळी टोपी घातलेला. "आपा, खिशात काय आहे?"

"माझं चेकिच."

"राग मानू नका. सुया, लाकूड, काही आत चालत नाही. नियम आहे."

तिने मला लोखंडी कपाटात ठेवलं. तिथे तिची चप्पल होती आणि जेवणाचा डबा. डबा दुपारी बाहेर जाई, चप्पल संध्याकाळी. मी मात्र जागचा हलत नव्हतो. चपलेचा हेवा करण्याची पाळी माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

कपाटांच्या खोलीतच बाया जेवायच्या, म्हणून सगळं माझ्या कानावर पडे. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात तंटा झाला. भाजलेले नान यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून ट्रेमध्ये पडायचे, आणि त्यांतले काही पडायचे पालथे. आता आमच्याकडे नान पालथा ठेवत नाहीत. मरणाची घाई असली तरी ठेवत नाहीत. भांडलेली सासूसुद्धा आधी नान उताणा करते आणि मग भांडण पुढे नेते. ओयदिन पट्ट्याशी उभी राहून एकेक नान उताणा करत राहिली. तिचं पाहून झुमराद करू लागली, मग सगळ्याच. पिशव्या भरायचं काम मागे पडलं आणि नानांचा ढीग साचून पट्टा बंद पडला.

जेवणाच्या वेळी नासिर आमच्या खोलीच्या दाराशी येऊन खाकरला. "आपा, ताश्कंदहून फोन आलाय. विचारतात, पट्टा का थांबला?"

"सांग की नान पालथे पडत होते."

"साहेब म्हणतात, पालथा असो की उताणा, पिशवीत जाणार ना?"

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? नोकरी आहे माझी."

"नासिरजान, तुझ्या आईसमोर पालथा ठेवून दाखव एक नान. मग ये मला शिकवायला."

बाया खदखदून हसल्या. नासिर वळला. जाताना हळूच म्हणाला, "आज दोन तर मीच उताणे केले. कोणाला सांगू नका."

मी कपाटात आनंदाने नाचायचाच बाकी होतो. आता हिला काढणार! किंवा हीच चालती होणार. दुसरा तंदूर पेटणार, आणि मी पुन्हा तिच्या मुठीत! पोलादी सवतीची खोड मोडली, असं मी मनात घोकत होतो.

पण तसं झालं नाही. नासिरने कारखान्यातल्या मिस्त्रीला धरलं आणि पट्ट्याच्या टोकाला एक वाकवलेला पत्रा बसवून घेतला. नान त्यावरून घसरत उताणाच ट्रेमध्ये जाऊ लागला. ताश्कंदच्या साहेबांनीही हरकत घेतली नाही, कारण पट्टा पुन्हा थांबला नाही. बायांनी ओयदिनच्या गळ्यात हात टाकले. माझी आशा त्याच पत्र्यावरून घसरून गेली. कारखाना तिच्याशी वाईट वागला असता तर मला किती सोपं झालं असतं! तो चांगला वागला, हेच मला सोसवेना.

महिना संपत आला. शनिवारी कपाटं धुवायची होती, म्हणून तिने मला घरी आणलं. रविवारी तुर्गून आका आले. दस्तरखानाची चादर अंथरली, तिने नान मोडून पुढे ठेवला, चहा ओतला. आका हवापाण्याचं बोलले, खालांच्या गुडघ्यांचं बोलले. मुद्द्यावर येईनात. मी कोनाड्यातून त्यांना म्हणत होतो, विचारा, आका, विचारा.

शेवटी ओयदिननेच बाही वर सरकवली. "आका, हे बघा."

आकांनी तिचा हात चष्म्याजवळ घेतला. मीही पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत तंदूरच्या आचेने कायम लाल, सोललेली असायची ती कातडी आता निवळली होती. तिच्यावर बारीक लव उगवली होती.

"केस आलेत की गं," आका म्हणाले. "माझ्या म्हातारीच्या हाताला तर उभ्या जन्मात आले नाहीत."

"मला परत यावंसं वाटतं, आका. रोज वाटतं."

"वाटू दे. पण येऊ नकोस." त्यांनी बाही स्वतःच्या हाताने खाली ओढली. "तंदूर काय, मातीचा आहे. पाडू."

मी वर्षानुवर्षं त्या हातात राहिलो. पण माझं काम परातीशी संपायचं. मला पुसून बाजूला ठेवल्यावर तो हात आगीत जायचा, आणि मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

निघताना आका म्हणाले, "आमच्या चेकिचच्या सुया पडल्यात. तुझं देतेस?"

तिने मला कोनाड्यातून काढलं. अंगठ्याने माझी मूठ चोळली. उगाच एकदा स्वतःच्या तळहातावर मला हलकेच टेकवलं. मग आकांच्या हातात दिलं आणि पटकन भांडी आवरायला वळली.

दुसरा तंदूर पाडला. तिथे आता पिठाची पोती आहेत. मला खाला दाबतात. त्यांचा हात जड आहे, त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण कोरड्या फडक्याने पुसतात. तक्रार नाही.

परवाच्या रविवारी ओयदिन भट्टीवर आली, गिऱ्हाइकासारखी खिडकीबाहेर उभी राहिली आणि एक नान मागितला.

"अगं, तुला तिथे फुकट मिळतात ना?" खाला म्हणाल्या.

"मिळतात."

"मग?"

"ते शेजाऱ्यांना देते. त्यांना आवडतात."

खाला इतक्या हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. ओयदिन नान छातीशी धरून, त्याच्या मधोमध उमटलेल्या फुलावर बोट फिरवत निघून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आत परातीत होतो, तिला दिसलो नसेन.

माझा हेवा गेलेला नाही. खोटं कशाला बोलू? रविवारचा एक नान माझा, बाकीचे सहा दिवस त्या पोलादाचे. म्हणून त्यालाच दोन शब्द सांगून थांबतो. बाबा रे, उद्या सकाळी ती तुझ्याशेजारी येऊन उभी राहील. तुला तिची ओळखही नसेल. पण दुपारी तिला फार उकडतं. तुमच्याकडे मोठाले पंखे आहेत, मी पाहिलेत. एखाद्याचं तोंड तिच्याकडे वळवायला सांग कुणाला तरी. आमच्याकडे पंखाच नव्हता.